दहा रुपयांची बंदूक

नवलाख उंबऱ्यात माझी बहीण दिली आहे. तळेगाव स्टेशनवरून आंबीच्या अंगाने निघालं, इंद्रायणी ओलांडली की एमआयडीसीचे रुंद रस्ते लागतात. कंटेनर संथपणे वळणं घेत असतात, कारखान्यांच्या निळ्या पत्र्यांच्या भिंती लांबच लांब पळत राहतात, आणि एका ठिकाणी भिंत संपते तिथून भाताचं खाचर सुरू होतं. उंबरे म्हणजे उंबराची झाडं की घरांचे उंबरठे, यावर गावात आजही बोलणं निघतं. मला उंबरठे हा अर्थ आवडतो.

गेल्या भाद्रपदात गणपती उठून गेल्यावर मी तिच्याकडे गेलो होतो. भात पोटरीला आलं होतं. भाचा रात्रपाळी करून आला, अंघोळ उरकून पडवीत माझ्याशेजारी बसला आणि मोबाईल पुढे करत म्हणाला, "मामा, मला ही विंचेस्टर घ्यायचीय. खरी जुनी परवडायची नाही. पण तिच्या नव्या कॉप्या निघतात, स्वस्त असतात म्हणे. तुम्ही पुण्यात असता, जरा बघा ना कुठं मिळते का."

हा मुलगा टूलरूममध्ये काम करतो. जिग आणि फिक्स्चर बनवतो, वायरकट मशीन चालवतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बोलतो. त्याला शिकार करायची नव्हती आणि कुणाला भीतीही दाखवायची नव्हती. व्हिडिओ गेममध्ये त्याने ती रायफल पाहिली होती, आणि घोडेस्वाराच्या हातातल्या त्या हत्याराची तरफ खालीवर होताना आतमध्ये नेमकं काय घडत असेल, हा प्रश्न त्याची पाठ सोडत नव्हता. मी त्याच्या वयाचा असताना 'मॅकेनाज गोल्ड' पाहून पुण्याच्या थिएटरातून बाहेर पडलो तेव्हा माझ्याही डोक्यात तोच खटखट आवाज घुमत होता. मला मात्र त्या आवाजामागचं यंत्र कधी शोधावंसं वाटलं नव्हतं.

त्याने ते मला वहीच्या पाठकोऱ्या पानावर काढून दाखवलं. चापाभोवतीची कडी लांबवून तिचीच तरफ केलेली असते. ती खाली ढकलली की आतला दट्ट्या मागे सरकतो, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि त्याच हालचालीत घोडा मागे चढतो. तरफ परत वर ओढली की नळीखालच्या दुसऱ्या नळीत रांगेने झोपलेल्या काडतुसांपैकी एक जागेवर बसतं. डोळा माशीवरून न हलवता, दस्ता खांद्यावरून न काढता पुढची गोळी तयार. "आतला सांधा बघा," तो म्हणाला. "गुडघ्यासारखा दुमडतो. पण एकदा पाय सरळ झाला की पुढून कितीही दाब आला तरी वाकत नाही. आमच्या टॉगल क्लॅम्पसारखं हुबेहूब. माणसानं हे दीडशे वर्षांपूर्वी हातकानशीनं बसवलं."

१८७३ सालच्या विंचेस्टरचं मर्म त्याने बरोबर पकडलं होतं. ऑलिव्हर विंचेस्टर हा मूळचा शर्ट शिवून घेण्याच्या धंद्यातला माणूस. त्याच्या कारखान्यात बेंजामिन टायलर हेन्री याने १८६० मध्ये सोळा काडतुसांची तरफेची रायफल सिद्ध केली. १८६६ मध्ये तिच्या कुशीला काडतूस भरायचं दार आलं, १८७३ मध्ये पितळी अंगाच्या जागी लोखंड आलं. हा गुडघ्याचा सांधा नाजूक, म्हणून त्यात पिस्तुलाच्या ताकदीचीच काडतुसं चालत. पुढे जॉन ब्राउनिंगने तो काढून सरकत्या खुंट्या बसवल्या आणि १८९२ व १८९४ ची मॉडेलं आली. १८९४ चं एकटं मॉडेल सत्तर लाखांहून अधिक निघालं. नळीखाली काडतुसं एकामागे एक, नाकाला बूड लागून झोपतात, त्यामुळे टोकदार गोळी चालत नाही. धक्क्याने पुढच्या काडतुसाच्या बुडाशी तिचं टोक आपटायचा धोका. म्हणून गोळीचं नाक चपटं. सैन्यांनी ही रायफल फारशी आपलीशी केली नाही. तरी १८७७ मध्ये प्लेव्हनाच्या वेढ्यात तुर्की शिपायांनी दूरवर मारायला पीबॉडी-मार्टिनी आणि रशियन जवळ आले की विंचेस्टर वापरून त्यांची दाणादाण उडवली. त्या दोन्ही बंदुका तरफेवर चालणाऱ्या.

*

तर नकलेचा शोध सुरू झाला. पहिलं उत्तर सोपं आहे. इटलीत ब्रेशा शहराच्या वर डोंगरांत व्हाल ट्रोंपिया नावाचं खोरं आहे. तेही एक मावळच म्हणा. लोखंडाच्या खाणी, भट्ट्या, ओढ्याच्या पाण्यावर फिरणारी चाकं, आणि शतकानुशतकं नळ्या घडवणारी घराणी. बेरेटा तिथली, १५२६ मध्ये व्हेनिसला नळ्या पुरवल्याचा तिचा कागद आहे. त्या खोऱ्यात १९५७ मध्ये पेदेरसोली आणि १९५९ मध्ये उबेर्टी हे कारखाने निघाले. अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी १९६१ मध्ये येत होती. त्या युद्धाचे प्रसंग पुन्हा उभे करणाऱ्या हौशी लोकांना जुन्या धाटणीची हत्यारं हवी होती, आणि खऱ्या जुन्या वस्तू एक तर महाग झाल्या होत्या किंवा वापरायला धोक्याच्या. व्हॅल फॉर्जेट नावाचा अमेरिकन व्यापारी इटलीत जाऊन नकला घडवून घेऊ लागला. आधी रिव्हॉल्व्हर, मग रायफली. १९८७ मध्ये अमेरिकेत काउबॉय पद्धतीच्या नेमबाजीची संघटना उभी राहिली. तिच्या स्पर्धेत हत्यार एकोणिसाव्या शतकातल्या घाटाचंच लागतं. मग मागणी आणखी वाढली. ब्राझीलच्या रॉसीने १८९२ च्या मॉडेलची साधी, कमी पॉलिशची नक्कल काढली. आज अमेरिकेत ती सातआठशे डॉलरच्या घरात मिळते, उबेर्टीची १८७३ तिच्या दीडपट-दुप्पट. विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद पडला. त्या नावाच्या तरफेच्या रायफली आता जपानात मिरोकू बनवते. म्हणजे मूळ नावाची वस्तूही आज परदेशी हातांची नक्कलच.

भाच्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग मागवू या की."

इथे उत्तर अवघड होतं, आणि ते त्याला नीट समजावून द्यायला मला दोन आठवडे लागले. आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसाधारण परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. नामांकित नेमबाजांना सवलत आहे, ती त्यांच्या खेळाच्या हत्यारांपुरती. पुण्यातल्या एका जुन्या शस्त्रविक्रेत्याने मला शांतपणे सांगितलं, "लिव्हर ॲक्शन हवी असेल तर ज्यांच्या आजोबांनी आयात खुली असताना घेतली आणि जी अजून परवान्यावर आहे, तीच शोधायची. ते विकत नाहीत. विकलीच तर किमतीचं विचारू नका." स्वस्त नक्कल म्हणून ज्या वस्तूचा जन्म झाला, ती या देशात दुर्मीळ वारसा होऊन बसते.

परवान्याची वाटही लहान नाही. १९५९ चा शस्त्र कायदा, त्याखालचे २०१६ चे नियम, आणि २०१९ ची दुरुस्ती. वय एकवीस पूर्ण पाहिजे, कारण सबळ पाहिजे, चौकशी व्हायला पाहिजे. एका माणसाकडे पूर्वी तीन हत्यारं चालत, २०१९ पासून दोनच. परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच झाली. परवाना नसताना बंदूक बनवणं याला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहे. टूलरूममधल्या हुशार मुलाला हे वाक्य मी मुद्दाम दोनदा वाचून दाखवलं. त्याच कायद्याच्या सहाव्या कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती फार कमी लोकांना ठाऊक असते: खेळण्यातल्या किंवा शोभेच्या नकली बंदुकीचं खऱ्या बंदुकीत रूपांतर करणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे. नळी आखूड करणंही त्याच कलमात बसवलेलं आहे.

या कायद्याचं मूळ १८७८ मध्ये आहे. व्हाइसरॉय लिटनच्या काळात तो आला आणि रयतेच्या हातातली बंदूक परवान्याला बांधली गेली. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी शिपायाला नेहमी एक पिढी मागचं हत्यार द्यायचं ठरवलं होतं. गोऱ्याच्या हातात तरफेची मार्टिनी-हेन्री आली तेव्हा काळ्याच्या हातात स्नायडर. १८७९ मध्ये वासुदेव बळवंतांनी बंडाचा झेंडा उभारला तो असा कायदा होऊन वर्ष उलटत असताना. आज आपण परवान्याचा अर्ज भरतो तेव्हा इंग्रजांना वाटलेल्या भीतीची सावली त्या कागदावर असते, असं मला वाटतं. तरीही मी या कायद्याच्या बाजूचा आहे. घरोघर बंदुका असलेला मावळ मला नको. हे मी भाच्यालाही सांगितलं, आणि तो माझ्याशी भांडला नाही.

नव्याने कायदेशीर विकत मिळणारी, जुन्या घाटाची आणि त्यातल्या त्यात आवाक्यातली रायफल आपल्याकडे एक आहे, आणि तिच्याकडे नक्कल म्हणून कुणी पाहत नाही. ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५. तिचा खटका म्हणजे ली-एनफील्डचा, पहिल्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणींनी खांद्यावर वाहिली त्याच रायफलीचा. .३०३ हे लष्करी काडतूस सामान्य नागरिकाला वर्ज्य, म्हणून त्याच सांगाड्यात आठ मिलिमीटरची नळी बसवली. गावोगावच्या बँकांच्या दारात पहारेकऱ्याच्या हाती दिसणाऱ्या लांब रायफलींत ती असते. ज्यांनी कॉलेजात एनसीसी केली त्यांना खटका वर, मागे, पुढे, खाली हा क्रम हाताने आठवेल. पण भाच्याला तो गुडघ्याचा सांधाच हवा होता. "ही चांगलीय मामा," त्याने मान हलवली, "पण ही दाराची कडी आहे. ती बोटाचा खेळ होती."

*

मावळातल्या तरुणांच्या घरांत आज शस्त्राची स्वस्त प्रतिकृती म्हणून जे येतं ते बंदूक नसतं, तलवार असते. शिवजयंतीच्या आधी स्टेनलेस स्टीलची चकचकीत पाती भिंतीवर चढतात. सरकारने २०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्टा हे राज्यशस्त्र जाहीर केलं, तेव्हापासून पट्ट्यांचीही मागणी वाढल्याचं मला आखाड्यातल्या मुलांकडून ऐकू येतं. मी या तलवारी हातात घेऊन पाहिल्या आहेत. पातं जड, तोल पुढे झुकलेला, आणि मुठीत शिरणारा भाग करंगळीएवढ्या गजाचा, झाळून जोडलेला. जोरात फिरवली तर पातं मुठीतून निसटून समोरच्याच्या अंगावर जाईल. जुन्या धोप तलवारीचं पातं मुठीच्या पोलादी पट्ट्यांमध्ये खोल धरलेलं असे, आणि तोल असा की मनगट थकत नसे. ही नक्कल त्या लोहाराचा अपमान आहे. शिवाय नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं घरकामाचं वा शेतीचं नसेल तर ते शस्त्र नियमांच्या कक्षेत येतं. एप्रिल २०२२ मध्ये दिघीतल्या एका कुरिअरच्या मालात पोलिसांना नव्वदहून अधिक तलवारी सापडल्या होत्या. दिघी तळेगावपासून तासाभरावर. मुलांनो, ऑनलाइन मागवण्याआधी हे ठाऊक असू द्या.

*

नकलेचा हा शोध घेता घेता मला जी गोष्ट सापडली ती भाच्याच्या मागणीपेक्षा मोठी निघाली.

अमेरिकेत आणि इंग्लंडात जुन्या लढाया उभ्या करणाऱ्या हौशी लोकांना विंचेस्टरच्याही आधीची चकमकीची लांब बंदूक लागते. 'ब्राउन बेस' हे तिचं लाडकं नाव. घोड्याच्या तोंडात गारगोटी, तिच्या ठिणगीने कानातली बारीक दारू, म्हणजे रंजक, पेटते, रंजकेची ज्योत छिद्रातून आत जाते आणि बार उडतो. वजन साडेचार किलोच्या आसपास, आणि कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. इटालियन नक्कल महाग पडते म्हणून हे लोक स्वस्त नक्कल घेतात, आणि ती स्वस्त नक्कल बनते भारतात. उत्तरेतल्या कारखान्यांतून ती रंजकेचं छिद्र न पाडताच निर्यात होते, म्हणजे कागदोपत्री ती शोभेची वस्तू. विकणारा किंवा घेणारा तिकडे छिद्र पाडून घेतो. या बंदुकांवरून तिकडे वाद आहेत. नळीचा पत्रा कसा आहे, गारगोटी ज्या पोलादावर आपटते ते नीट कडक केलंय का, दस्ता उगाच जाड का. काही जण त्यांना हातही लावत नाहीत. पण पहिली बंदूक घेणारा तरुण बहुतेक वेळा हीच घेतो. देहरादूनची विंडलास ही १९४३ सालची कंपनी तलवारी आणि ऐतिहासिक हत्यारांच्या प्रतिकृती जगभर विकते. २००३ मध्ये तिच्याच अमेरिकन कंपनीने आणखी एका व्यापाऱ्यासोबत नेपाळच्या जुन्या राजवाड्यातलं शस्त्रागार विकत घेतलं. त्यात मार्टिनी-हेन्रीचे ढीग होते आणि तिच्यावरून नेपाळ्यांनी हाताने घडवलेल्या गहेंद्र रायफलीही. तरफेच्या रायफलीची ती हिमालयातली नक्कल आज अमेरिकेतल्या संग्राहकांच्या भिंतींवर आहे.

मी हे सांगितल्यावर भाचा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी तिकडची कॉपी शोधतोय आणि ते इकडची." हो, असंच आहे.

ब्राउन बेस मावळाला परकी नाही. नवलाख उंबऱ्यापासून वडगाव मावळ काही लांब नाही, आणि त्या वडगावच्या मातीत ती बंदूक हरली आहे. १७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईकर इंग्रजांची सुमारे एकोणचाळीसशेची फौज राघोबादादांना गादीवर बसवायला निघाली. सामानाला एकोणीस हजार बैल. बोरघाट चढून आली, खंडाळ्यावरून कार्ल्याकडे सरकली. मराठ्यांनी समोरासमोर लढाई दिली नाही. पुढचा मुलूख उजाड करायचा, मागची रसद तोडायची, दिवसभर तोफा-बाण सोडून छळायचं. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. शत्रूंनीही त्याच्या शौर्याला दाद देऊन त्याला 'इष्टुर फाकडा' केलं. वडगावात त्याची समाधी दाखवतात, लोक तिथे नवस बोलतात. पाच दिवसांनी इंग्रज तळेगावला पोहोचले तर गाव जळत होतं. दाण्याचा कण नाही. ११ तारखेच्या रात्री त्यांनी परत फिरायचं ठरवलं, अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, आणि अंधारात निघाले. वडगावात महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके यांनी त्यांना पुरतं वेढलं. १६ जानेवारीला तह झाला.

पण मला या लढाईतला जिंकलेला माणूस पुढे काय करतो हे जास्त महत्त्वाचं वाटतं. महादजींनी वडगावला ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणी जवळून पाहिल्या. चारी बाजूंनी वेढलेल्या असतानाही त्या रांगेने वळत होत्या, रांगेने बार काढत होत्या. विजयाच्या धुंदीत ते विसरणं सोपं होतं. महादजी विसरले नाहीत, असं त्यांच्या पुढच्या पावलांवरून म्हणावं लागतं. १७८४ मध्ये त्यांनी द बॉइन या साव्हॉयच्या माणसाला नोकरीत घेतलं आणि कवायती कंपू उभे केले. आणि या कंपूंना बंदुका कुठून? कंपनी विकणार नव्हती. तेव्हा पूर्वी गोहदच्या राण्याकडे असलेला सँगस्टर नावाचा स्कॉट कारागीर आग्र्याला बसवण्यात आला. त्याने तोफा ओतल्या आणि युरोपी धर्तीच्या बंदुका घडवून घेतल्या. त्या काळावर लिहिणाऱ्यांनी किंमतही नोंदवली आहे: नगाला दहा रुपये, आणि गुण युरोपी मालाच्या तोडीचे.

दहा रुपयांची ही बंदूक म्हणजे मराठी राज्याने घेतलेली स्वस्त आणि अस्सल नक्कल. ती भिंतीवर टांगायला केलेली नव्हती. सँगस्टरच्या हाताखाली आग्र्याचे लोहार आणि सुतार होते. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. त्यांनी नळी ओढली, चाप-घोड्याच्या कमानी कडक केल्या, दस्ते तासले. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या रणात शिंद्यांचा कंपू हरला तेव्हाही हत्यारांनी दगा दिला नव्हता. जिंकलेल्या आर्थर वेलस्लीने हाती आलेल्या तोफांची वाखाणणी केली. कंपूचे बरेच युरोपी अधिकारी आधीच सोडून गेले होते, महादजींचे वारस दौलतराव यांच्याजवळ ती नजर नव्हती. यंत्राची नक्कल झाली होती, नेतृत्वाची झाली नाही. आपल्या शाळेच्या पुस्तकांत वडगावचा तह एका ओळीत आहे आणि आग्र्याचा कारखाना मला तरी कधी शिकवला गेला नाही. याची मला खरोखर खंत वाटते.

भाच्याला घेऊन मी वडगावला गेलो, मग तळेगावच्या तळ्यावर. पाऊस उघडला होता. तो काठावर उभा राहून पाण्याकडे बघत होता. "दहा रुपयात," तो म्हणाला, "त्यांनी टॉलरन्स कसा राखला असेल? गेज होते का? की एकेक नग बसवून बघत होते?" त्या काळी जगभर एकेक नगच कानशीने बसवून घेत, एका बंदुकीचा घोडा दुसरीला चालेलच असं नसे. सुटे भाग अदलाबदल करता यावेत ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात अमेरिकन कारखान्यांनी पक्की केली, आणि विंचेस्टर लाखांनी निघाली ती त्या जोरावर. म्हणजे त्याच्या गुडघ्याच्या सांध्यापर्यंत आम्ही पुन्हा आलो होतो, आग्र्यावरून वळसा घेऊन.

*

दसऱ्याच्या आधी त्याने मला घरी बोलावलं. विंचेस्टरचा सांधा त्याने पारदर्शक ॲक्रिलिकच्या पट्ट्यांतून कापला होता, मूळच्या दुप्पट आकाराचा, सपाट, पितळी पिनांवर फिरणारा. नळी नाही, काडतुसाची जागा नाही, चाप नाही. नुसती तरफ, तीन सांधे आणि दट्ट्या. तरफ ढकलली की गुडघा दुमडतो, ओढली की सरळ होतो, आणि मग अंगठ्याने कितीही दाबा, हलत नाही. बहिणीने तो दिवाणखान्यात पूजेच्या हत्यारांत ठेवायला दिला, व्हर्नियर आणि मायक्रोमीटरच्या शेजारी. मी बाजारात हिंडून विकत आणू शकलो असतो त्या कुठल्याही शोभेच्या बंदुकीपेक्षा ही नक्कल सरस आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या कारणाने ती रायफल त्याला आवडली होती, ते कारणच त्याने घडवलं. खर्च पंधराशे रुपयांच्या आत.

ज्यांना ते जमणार नाही आणि तरफ हातात धरूनच पाहायची आहे, त्यांच्यासाठी छऱ्यांच्या बंदुका आहेत. अमेरिकेतली डेझी कंपनी १९४० पासून तरफेची 'रेड रायडर' बनवते; लहान मुलांच्या दोन-तीन पिढ्या तिच्यावर वाढल्या. आपल्या नियमांत ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत जोराच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. पण हुबेहूब दिसणारी बंदूक घेऊन रस्त्यावर उतरू नये. समोरच्या माणसाला आणि पोलिसाला ती खोटी आहे हे कळायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणाच्या जिवावर बेतू शकतो. हौस घराच्या आत किंवा नेमबाजीच्या रेंजवर.

ॲक्रिलिकचा तो सांधा गावात बराच फिरला. तो पाहायला आलेल्या एका नात्यातल्या आजोबांनी संध्याकाळी आम्हाला आपल्या घरी नेलं. आंदर मावळातलं जुनं घर, माळ्यावर धुराने काळी झालेली तुळई, आणि तिच्यामागे पोत्यात गुंडाळलेली लांबलचक वस्तू. ठासणीची बंदूक. घोडा गळून गेलेला, नळीच्या तोंडात गंज आणि मातीचा बूच, दस्त्याला वाळवी, गज अर्धा. पूर्वी लग्नात बार काढायचे म्हणे. आजोबा घाबरलेले होते. "पोलीस धरतील का रं? भंगारवाल्यानं चारशे सांगितलेत." भाच्याने तिला हात न लावता मापं घेतली, चारही बाजूंनी फोटो काढले, कागदावर आकृती काढली. गंज खरवडायचा मोह त्याने आवरला. मला त्याचा फार अभिमान वाटला.

आजोबांना जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो, कारण मावळात, मुळशीत, भोरात, अशा तुळया अजून पुष्कळ आहेत. शस्त्र कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमात कालबाह्य धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे, मात्र ते दुरुस्त करूनही चालण्याजोगं नसलं पाहिजे. चालण्याजोगं आहे की नाही हे आपण ठरवायचं नसतं. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुराणवस्तू ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. तेव्हा ती भंगारात घालू नका. वितळवू नका. तेल, पॉलिश, वायरब्रश काही लावू नका. नळीत काही घालून मोकळी करायला जाऊ नका. जुना बार आत तसाच भरलेला असू शकतो. फोटो काढा, घरातल्या वडीलधाऱ्यांना तिच्याबद्दल जे आठवतं ते तारखेनिशी लिहून घ्या, आणि जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्यातल्या राजा केळकर संग्रहालयासारख्या जाणत्या ठिकाणी दाखवा. कुणास ठाऊक, एखाद्या तुळईमागे ती दहा रुपयांची बंदूकही असेल.